पंखा थांबल्यानंतरची सोळा मिनिटे

भूमिगत खाणीच्या पंखाघरात एक गोल कागदी तक्ता हळूहळू फिरत असतो आणि मुख्य पंख्याचा दाब त्यावर शाईच्या रेषेने उमटत राहतो. आता बऱ्याच ठिकाणी त्या तक्त्याची जागा पडद्यावरच्या आलेखाने घेतली आहे, काम तेच. रेषा सपाट असली की सगळे निश्चिंत होतात, सही होते, तक्ता फायलीत जातो. पण खाण कशी चालवली जाते हे जाणून घ्यायचे असेल तर सपाट रेषा फारसे काही सांगत नाही. ती जिथे एकदम खाली कोसळली आणि काही वेळाने पुन्हा वर चढली, तो खड्डा वाचावा लागतो. पंखा किती वेळ बंद होता, ते प्रथम कोणाला कळले, खालच्या माणसांना कोणी सांगितले, वीज कधी तोडली, परत कोणाच्या शब्दावर जोडली? या प्रश्नांची उत्तरे ज्या खाणीत मिनिटांच्या हिशेबाने मिळतात ती खाण सुरक्षित म्हणावी, बाकीच्यांचे आजवर निभावले आहे एवढेच म्हणता येईल. व्यवस्थापक, विद्युत आणि यांत्रिकी अभियंते, ओव्हरमन, मायनिंग सरदार, कामगारांचे निरीक्षक आणि खाणकामाची पदविका घेऊन या क्षेत्रात येऊ पाहणारी मुले यांच्यापुढे मला एकच मुद्दा मांडायचा आहे. हवा, वीज, पाण्याचा उपसा, संपर्क, माणसांची ने-आण या खाणीतल्या सेवा सांभाळायच्या म्हणजे मुख्यतः त्या बंद असतानाचा काळ सांभाळायचा.

हे उलटे वाटते, कारण आपली कामाची वाटणी वेगळ्याच समजुतीवर उभी आहे. पंखे, पंप, वाइंडिंग, हॉलेज, केबल, टेलिफोन हे सगळे अभियांत्रिकी विभागाकडे असते. 'सेफ्टी' नावाची खोली वेगळी, तिचा अधिकारी वेगळा, तिची रजिस्टरे वेगळी. पहिल्या विभागाचे यश 'यंत्र किती टक्के वेळ चालले' यावर मोजले जाते, आणि 99 टक्के म्हटले की शाबासकी मिळते. वर्षात 8,760 तास असतात. उरलेला एक टक्का म्हणजे साडेसत्त्याऐंशी तास. हे तास वर्षभर सारखे विखुरलेले नसतात आणि सुट्टीचा दिवस बघूनही येत नाहीत. वादळात तारा तुटतात तेव्हा, मुसळधार पावसात उपकेंद्रात पाणी शिरते तेव्हा, सगळ्यांत जास्त माणसे खाली असलेल्या पहिल्या पाळीत मोटर जळते तेव्हा ते येतात. अभियंत्याच्या लेखी हा 'ब्रेकडाउन' असतो आणि दुरुस्ती झाली की संपतो. सेफ्टीच्या खोलीत त्याची नोंदच नसते, कारण अपघात झालेला नसतो. धोका सगळा त्या साडेसत्त्याऐंशी तासांत असतो, आणि नेमके तेच तास दोन विभागांच्या मधल्या फटीत पडतात.

हवेपासून सुरुवात करू. आपल्या कोळसा खाणींच्या नियमांनुसार सगळ्यांत मोठ्या पाळीतल्या दर माणसामागे मिनिटाला सहा घनमीटर, किंवा रोजच्या उत्पादनातल्या दर टनामागे मिनिटाला अडीच घनमीटर, यांतली जी मोठी असेल तेवढी हवा कामाच्या भागात पोचली पाहिजे. हवेत ऑक्सिजन 19 टक्क्यांखाली जाऊ नये. ज्वालाग्राही वायू परतीच्या हवेत 0.75 टक्क्यापेक्षा आणि खाणीत कुठेही 1.25 टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, 1.25 ओलांडले की वीज तोडायची. मिथेनचा स्फोट हवेतले त्याचे प्रमाण साधारण 5 ते 15 टक्के असताना होतो. मग 1.25 वरच का थांबायचे, असे कोणी विचारले तर उत्तर एका शब्दाचे आहे: वेळ. 1.25 आणि 5 यांमधले अंतर टक्क्यांत लिहिलेले असले तरी प्रत्यक्षात ती माणसे बाहेर काढायला मिळालेली मिनिटे आहेत. एक काल्पनिक, पण कोणालाही आपल्या खाणीचे आकडे घालून करता येईल असे गणित घ्या. गॅलरी 4.2 मीटर रुंद, अडीच मीटर उंच आणि शेवटच्या जोडरस्त्यापासून पुढे 60 मीटर लांब, म्हणजे आत 630 घनमीटर हवा. फेसमधून मिनिटाला अर्धा घनमीटर मिथेन सुटतो असे धरा. पंखा थांबला आणि हवा जागच्या जागी राहिली तर 1.25 टक्के व्हायला जवळजवळ सोळा मिनिटे लागतात, 5 टक्के व्हायला तासाभरापेक्षा किंचित जास्त. सुरुवातीलाच हवेत अर्धा टक्का वायू असेल तर सोळाची साडेनऊ होतात. हेही सरासरीचे गणित झाले. मिथेन हवेपेक्षा हलका असतो, तो छताला थर धरून बसतो, आणि थर आधी पेटतो. सरासरीची वाट तो पाहत नाही. आपल्या प्रत्येक फेससाठी हा आकडा काढून त्या भागाच्या ओव्हरमनच्या खिशात असला पाहिजे. पंखा थांबल्यावर त्या फेसवरच्या शेवटच्या माणसापर्यंत निरोप पोचायला लागणारा वेळ आणि त्याला ताज्या हवेच्या वाटेवर यायला लागणारा वेळ यांची बेरीज त्या आकड्यापेक्षा मोठी असेल, तर तिथली व्यवस्था कागदावर कितीही देखणी असो, ती अपुरी आहे.

यावर विदर्भातला वाचक लगेच म्हणेल की आमच्या वर्धा खोऱ्यातल्या खाणी वायूच्या वर्गवारीत बहुतेक पहिल्या दर्जाच्या, वायू नावापुरता. हे गणित झरियाच्या लोकांना सांगा. हरकत योग्य आहे. मिनिटाला अर्ध्याऐवजी एक दशांश घनमीटर वायू धरला तर सोळा मिनिटांची ऐंशीच्या आसपास होतात. पण पंखा फक्त मिथेनसाठी नसतो. वर्धा खोऱ्यातला कोळसा आपोआप तापून पेट घेणारा आहे, आणि अशा तापलेल्या कोळशातून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. त्याची नियमातली मर्यादा दहा लाख भागांत 50 भाग आहे. राणीगंज भागातल्या न्यू केंदा खाणीत 25 जानेवारी 1994 रोजी 55 माणसे गेली ती मिथेनच्या स्फोटाने नव्हे. आग लागली, आणि माणसांना जगवण्यासाठी आत जाणारी हवाच धूर घेऊन त्यांच्याकडे गेली. अशा वेळी पंखा चालू ठेवायचा, थांबवायचा की उलटा फिरवायचा हा निर्णय जीवनमरणाचा असतो आणि तो घ्यायला मिनिटेच हातात असतात. आग कुठे लागली तर काय करायचे हे खाणीच्या नकाशावर भागाभागाने आधीच ठरवून ठेवले नसेल तर त्या घटकेला कोणाचीही बुद्धी चालणार नाही. शिवाय उष्मा आहे, सुरुंगाचा धूर आहे. ओल्या फडक्याच्या तापमापकावर 33.5 अंश ही वरची मर्यादा का घातली आहे, हे पंखा बंद असलेल्या डिपमध्ये अर्धा तास काढणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.

पंखा थांबण्यापेक्षा तो, किंवा खरे तर कोणतीही बंद पडलेली सेवा, पुन्हा सुरू होण्याचा क्षण अधिक घातक असू शकतो. साचलेला वायू पहिल्या झोतात सरकतो आणि जिथे वीज जोडलेली राहिली असेल तिथवर जातो. न्यूझीलंडमधली पाइक रिव्हर खाण या बाबतीत प्रत्येक अभियंत्याने अभ्यासावी अशी आहे. 19 नोव्हेंबर 2010 रोजी तिथे स्फोट झाला आणि 29 माणसे मेली. या खाणीचा मुख्य पंखा जमिनीखाली बसवलेला होता, आणि कोळसा खाणीत असे जगात पहिल्यांदाच केले गेले होते, असे नंतरच्या शाही चौकशी आयोगाने नोंदवले. स्फोटाआधीच्या 48 दिवसांत मिथेन स्फोटक पातळीला पोचल्याचे 21 अहवाल आणि त्याहून कमी, तरीही धोकादायक पातळीचे 27 अहवाल खाणीतल्या माणसांनीच लिहिले होते. म्हणजे सरासरीने रोज एक इशारा. त्या दिवशी देखभालीसाठी बंद ठेवलेल्या सेवा परत चालू करण्याचे काम सुरू होते, आणि पाण्याचा पंप सुरू होण्याचा क्षण व स्फोटाचा क्षण जवळजवळ एकच होता. ठिणगी नेमकी कुठे पडली हे सिद्ध करता आलेले नाही आणि इथे त्याची गरजही नाही. पंप सुरू करणे ही पाण्याची बाब आहे असे मानले की तो कोण सुरू करतो, त्या वेळी वायूचे प्रमाण किती आहे हे कोणाला विचारतो, हे प्रश्न पडतच नाहीत. म्हणून प्रत्येक सेवेला 'बंद करण्याचा परवाना' असतो तसा 'सुरू करण्याचा परवाना'ही असला पाहिजे. वायू मोजून झालेला, मोजणाऱ्याची सही असलेला, आणि तो कागद हातात पडेपर्यंत स्विच कुलूपबंद. कुलपाची किल्ली स्विच चालवणाऱ्याकडे नको. ती वायू मोजणाऱ्याकडे हवी.

मग प्रश्न येतो नोंदींचा, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते बहुतेक खाणींची खरी कसोटी याच ठिकाणी लागते. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या अपर बिग ब्रँच खाणीत 5 एप्रिल 2010 रोजी स्फोट होऊन 29 जण गेले. सरकारी तपासात दोन वह्या सापडल्या. उत्पादन आणि देखभालीच्या वहीत दोष, धोके, बिघाड लिहिलेले. तपासनीसांना दाखवायच्या कायदेशीर वहीत त्यांतल्या कित्येकांचा पत्ता नाही. हे फसवणुकीचे टोकाचे उदाहरण झाले. पण कोणाचाही वाईट हेतू नसताना हीच गोष्ट सौम्य रूपात रोज घडू शकते. इलेक्ट्रिशियनच्या ब्रेकडाउन बुकात 'सहायक पंखा 40 मिनिटे बंद' असे असते, त्याच पाळीच्या सरदाराच्या अहवालात 'हवा ठीक' असते, आणि दोन्ही खरे असते, कारण सरदार त्या फेसवर गेला तेव्हा पंखा चालू होता. दोन्ही वह्या शेजारी ठेवून कोणी वाचल्याच नाहीत तर त्या चाळीस मिनिटांचा मागमूस राहत नाही. उपाय साधा आहे, त्याला संगणकही लागत नाही. आठवड्यातून एकदा अभियंता आणि सुरक्षा अधिकारी यांनी समोरासमोर बसून कोणतीही एक पाळी निवडावी. ब्रेकडाउन बुक, सरदार-ओव्हरमनचे अहवाल, पंख्याचा तक्ता, पंप चालल्याच्या तासांची नोंद, नियंत्रण कक्षातली नोंद हे सगळे एका टेबलावर मांडून वेळा जुळवाव्यात. जिथे जुळत नाहीत तिथे खोटेपणा शोधत बसू नये, फट शोधावी. या बैठकीला कामगारांचा निरीक्षक हवाच. खाण नियमांत ही भूमिका आहे ती फोटोपुरती नव्हे, आणि खालच्या चाळीस मिनिटांबद्दल ज्याला स्वतःहून कोणी सांगेल असा माणूस बहुधा तोच असतो.

आता पाण्याकडे वळतो. आपल्या देशातल्या कोळसा खाणींच्या मोठ्या दुर्घटनांची यादी पाहिली तर पाणी पुन्हा पुन्हा दिसते. 1954च्या डिसेंबरात छिंदवाड्याच्या पेंच खोऱ्यातली न्यूटन चिखली, 63 मृत्यू. तेव्हा त्या मुलखाची राजधानी नागपूर होती. 1975च्या नोव्हेंबरात नागपूर जिल्ह्यातलीच सिलेवाडा खाण, 10 मृत्यू. त्यानंतर सव्वा महिन्याने, 27 डिसेंबर 1975 रोजी, धनबादजवळची चासनाला, 375. सप्टेंबर 1995मध्ये कतरी नदीचे पाणी शिरून गजलीटांड, 64. फेब्रुवारी 2001मध्ये बागडिगी, 29. चासनाला सगळ्यांच्या लक्षात आहे, सिलेवाडा विदर्भाबाहेर कोणाला आठवत नाही. दहा मृत्यूंचा इशारा मोठा मानला जात नाही, ही आपली जुनी खोड. या प्रत्येक ठिकाणी पंप होते. पण पंप रोजच्या झिरपणाऱ्या पाण्यासाठी असतो; नदीने किंवा शेजारच्या जुन्या, पाण्याने भरलेल्या कामाने तोंड उघडले की त्याचा काही उपयोग नसतो. तिथे खरे संरक्षण असते ते मध्ये सोडलेल्या कोळशाच्या भिंतीचे, म्हणजे अखेरीस नकाशाचे. पाणी भरलेल्या जुन्या कामाच्या 60 मीटरच्या आत परवानगीशिवाय शिरायचे नाही हा नियम सर्वांना पाठ असतो, पण ते 60 मीटर कागदावर मोजले जातात, आणि कागद जर पन्नास वर्षांपूर्वी कोणीतरी घाईत बंद केलेल्या खाणीचा असेल तर मोजणी हवेत होते. म्हणून पुढे लांब भोके मारून चाचपत जाणे हा नकाशावरचा अविश्वास नव्हे, नकाशाचा तोच एकमेव पुरावा आहे. सर्व्हेअर हा खाणीतल्या सेवांपैकी एक मानला जात नाही. तो मानला पाहिजे, आणि त्याच्याकडची जुनी पत्रके अद्ययावत नसतील तर तेही 'ब्रेकडाउन'च समजून त्याच तातडीने हाताळले पाहिजे.

मेघालयात क्सान इथे 13 डिसेंबर 2018 रोजी बेकायदा उंदीरबिळासारख्या खाणीत पाणी शिरले आणि 15 जण अडकले. मोठ्या क्षमतेचे पंप पोचायला दोन आठवडे लागले, आणि पोचल्यावरही त्या भोकांचा एकही नकाशा नव्हता. एका बाजूने उपसावे तर दुसऱ्या अनोळखी जुन्या खाणीतून पाणी परत येत होते. तहान लागल्यावर विहीर खणण्याचे यापेक्षा क्रूर उदाहरण शोधून सापडणार नाही. अधिकृत खाणवाला म्हणेल की आमचा त्याच्याशी संबंध काय. मोठा पंप आपल्या आवारात आहे की शेजारच्या क्षेत्रात, तो आणायला किती तास लागतील, त्याला लागणारा पाइप आपल्या जोडांना बसतो का, ही तिन्ही उत्तरे आज दुपारी फोन न करता देता आली तर संबंध नाही असे खुशाल म्हणावे.

आपल्याकडे आता बहुतेक कोळसा उघड्या खाणींतून निघतो, तेव्हा तिथले गणितही करून ठेवू. एक चौरस किलोमीटर पाणलोटावर दिवसात 100 मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळे पाणी खड्ड्यात उतरले असे धरले तर ते एक लाख घनमीटर होते. तासाला 300 घनमीटर उपसणारा एक पंप अखंड चालला तरी ते काढायला चौदा दिवस लागतील. चंद्रपूर-वणीच्या पट्ट्यात असा पाऊस अपूर्वाईचा नाही आणि दुसरा पाऊस चौदा दिवस थांबत नाही. याचा अर्थ दहा पंप विकत घ्या असा नाही. पाणी कुठे साठू द्यायचे, कोणते बेंच बुडू द्यायचे, कोणती यंत्रे कोणत्या पातळीला वर न्यायची हे मेच्या मध्यापर्यंत ठरलेले असले पाहिजे, असा आहे. बांध, नाल्यांची वळणे, खाणीचे तोंड ज्ञात पूररेषेच्या किमान दीड मीटर वर असणे या गोष्टी पावसाळ्यापूर्वी प्रत्यक्ष पायी फिरून तपासायच्या. त्यातही एक मेख आहे. पंपाला वीज देणारे उपकेंद्र त्याच सखल जागी असेल, तर ज्या पुरासाठी पंप ठेवला तोच पूर आधी पंप बंद पाडतो. डिझेल जनित्र वर आहे पण इंधनाची टाकी खाली. टेलिफोनची तार आणि विजेची केबल एकाच चरातून गेलेली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. म्हणून एका मोठ्या कागदावर प्रत्येक सेवा लिहून ती आणखी कोणाकोणावर अवलंबून आहे हे बाणांनी दाखवावे. दोन संरक्षणांचे बाण जिथे एकाच ठिकाणी जाऊन मिळतात तिथे आपल्याकडे दोन नाहीत, एकच संरक्षण आहे. गोव्याने याची आणखी एक बाजू दाखवली आहे. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्टे रद्द केले आणि लोहखनिजाचे उत्खनन थांबले, पण भूजलपातळीच्या खाली गेलेल्या खड्ड्यांत पावसाचे पाणी साठायचे थांबले नाही. उत्पादन संपले तरी उपशाची सेवा संपत नाही. तिचा खर्च उत्पादनाच्या खात्यात टाकणाऱ्याने हे आधी समजून घ्यावे.

आतापर्यंतचे सगळे मान्य करूनही एक व्यावहारिक आक्षेप उरतो, आणि तो सर्वांत वजनदार आहे. प्रत्येक धोक्याच्या घंटेला माणसे वर काढली तर खाण चालणार कशी? खोट्या घंटा वाजतात, सेन्सर धुळीने बिघडतो, तासाभराच्या थांब्याची किंमत मोठी असते, आणि चार वेळा उगाच वर आलेली माणसे पाचव्या वेळी हलत नाहीत. हे खरे आहे. म्हणूनच निर्णय त्या क्षणावर सोडायचा नसतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये मौरा क्रमांक 2 खाणीत 7 ऑगस्ट 1994 रोजी स्फोटात 11 जण गेले. बंद केलेल्या भागात कोळसा तापत असल्याच्या खुणांची अधिकाऱ्यांमध्ये चर्चा झाली होती, आणि तरीही रात्रपाळी खाली गेली. त्यांच्यापाशी माहिती होती. कोणत्या आकड्याला काय करायचे हे मात्र आधी लिहिलेले नव्हते, त्यामुळे प्रत्येक जण आपापल्या अंदाजाने थोडा वेळ वाट पाहत राहिला. त्यानंतर तिकडे आकडा ठरवून ठेवण्याची पद्धत रुजली: अमुक पातळीला निरीक्षण दुप्पट, अमुक पातळीला वीज बंद, अमुक पातळीला माणसे बाहेर, आणि त्या वेळी चर्चा नाही. आपल्या 2017च्या कोळसा खाण विनियमांनी सक्तीचा केलेला सुरक्षा व्यवस्थापन आराखडा याच विचाराच्या कुळातला आहे. तो आराखडा सल्लागाराकडून जाडजूड बांधून घेऊन कपाटात ठेवणे सोपे आहे. त्याऐवजी आपल्या खाणीतली पाच-सहा कळीचे आकडे एका पानावर आणावेत आणि प्रत्येक आकड्यासमोर पदाचे नाव घालावे. माणसे बाहेर काढण्याचा अधिकार सगळ्यांत खालच्या माणसाला, सरदाराला, एकट्याला, कोणालाही न विचारता. परत पाठवण्याचा अधिकार मात्र त्याच्या वरच्या दोघांना मिळून. बाहेर येणे सोपे आणि आत जाणे अवघड, अशी ही उतरंड हवी. सरदाराने दहा वेळा चुकून माणसे वर काढली तरी त्याला जाब विचारला जाणार नाही, हे व्यवस्थापकाने लेखी द्यावे. खोट्या घंटेचा राग घंटेच्या देखभालीवर काढावा. वारंवार तुटणारी वीज पाहून मिथेनचा सेन्सर पिशवीने झाकणारा माणूस निष्काळजी असतोच, पण तो एक माहितीही देत असतो: तिथली हवा वारंवार कमी पडते आहे. त्याला नुसती नोटीस देऊन ही माहिती फेकून देऊ नये.

बत्तीघराबद्दल थोडे. टोकन, दिवा आणि सेल्फ रेस्क्यूअर यांचा हिशेब हा हजेरीचा भाग समजला जातो, पण संकटाच्या वेळी 'खाली किती आणि कुठे' याचे उत्तर तिथूनच येते. नोव्हेंबर 1989मध्ये राणीगंजच्या महाबीर खाणीत पाणी शिरून 71 जण अडकले, सहा दगावले, आणि 65 जणांना वरून भोक पाडून लोखंडी कुपीतून एकेक करून बाहेर काढले. जसवंतसिंग गिल हे अभियंते स्वतः त्या कुपीतून खाली उतरले. त्या धाडसाचे योग्य ते कौतुक झाले. पण वरून मारलेले भोक खाली माणसांपाशीच निघायला आधी नकाशा बरोबर असावा लागतो, हे त्या कौतुकात झाकून जाते. ज्यांचा हिशेब ठेवायचा त्यांत आज खाली आणि बेंचवर ठेकेदाराची माणसे मोठ्या संख्येने असतात. 29 डिसेंबर 2016 रोजी झारखंडमधल्या राजमहल उघड्या खाणीत मातीचा प्रचंड ढिगारा घसरून 23 जण गाडले गेले. उघड्या खाणीत हवा मोकळी असते, म्हणून तिथे सुरक्षा-सेवा कमी लागतात असा जो समज आहे तो त्या एका रात्रीत खोटा ठरला. उताराची हालचाल मोजणारी यंत्रे, रात्रीचा प्रकाश, डंपरच्या रस्त्याकडेचे बांध, वायरलेस या तिथल्या सेवा आहेत, आणि त्या बंद पडल्याचा निरोप ठेकेदाराच्या हेल्परपर्यंत त्याच्या भाषेत पोचतो का, हे तपासणे व्यवस्थापकाचे काम आहे. ठेका दिल्याने ते दुसऱ्याचे होत नाही.

सेन्सर, कॅमेरे, पडद्यावरचे आकडे हे सगळे आल्याने सरदाराच्या फेरीची गरज उरली नाही असे म्हणणारे आता भेटतात. सेन्सर एका बिंदूवरचे सांगतो, माणूस दोन बिंदूंच्या मधून चालत जातो. छताला काठी ठोकून तो जो आवाज ऐकतो त्याला अजून तरी पडद्यावर जागा नाही. दोन्ही लागतात, आणि दोन्ही एकमेकांना तपासण्यासाठी लागतात.

सुरुवात करायची असेल तर पुढच्या आठवडी सुट्टीला, खाणीत मोजकी माणसे असताना, ठरवून आणि नियमानुसार आवश्यक ती पूर्वसूचना देऊन मुख्य पंखा दहा मिनिटे बंद करण्याचा सराव घ्यावा. आधी खालची वीज तोडलेली असावी आणि वायू मोजणारी माणसे जागेवर असावीत. चार घड्याळे एकाच वेळेला लावून चार ठिकाणी ठेवावीत: पंखाघरात, नियंत्रण कक्षात, सगळ्यांत दूरच्या फेसवर आणि चानकाच्या तोंडाशी. पंखा कधी थांबला, वर कधी कळले, फेसवर कधी कळले, शेवटचा माणूस ताज्या हवेत कधी पोचला, या चार वेळा त्याच गोल तक्त्यावर खड्ड्याच्या शेजारी शाईने लिहाव्यात. तिसरी वेळ लिहिता आली नाही, कारण फेसवरचा टेलिफोन लागलाच नाही, असे झाले तर पंखा परत सुरू केल्यावर अभियंत्याने ऑफिसात जाण्याआधी त्या टेलिफोनच्या तारेमागोमाग फेसपर्यंत चालत जावे.